बाळाची शाळा आणि ताराबाई

माझा धाकटा बालवाडीत जायला लागला तेव्हाची गोष्ट. घरी आला की दप्तर खाली ठेवायच्या आत मी त्याला पाटीपुढे बसवायची. शेजारणीच्या मुलीला शंभरपर्यंत आकडे येतात आणि आपला विसाच्या पुढे जाईना, म्हणून माझ्या जिवाची घालमेल. तो रडायचा, मी ओरडायची. महिन्याभरात सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडेना. सापडणार कसं, दुखणं पाटीचं होतं!

त्याच सुमारास आमच्या मंडळानं वस्तीत बालवाडी काढायचं ठरवलं आणि त्यानिमित्तानं ताराबाई मोडकांचं चरित्र माझ्या हाती आलं.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म मुंबईत, 1892 सालचा. आईवडील प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे, त्यामुळे मुलीला शिकवायचं हे घरात ठरलेलंच. 1914 साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहानगी प्रभा आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याची जिद्द एवढंच सोबत घेऊन त्या बाहेर पडल्या. त्या काळी हे किती अवघड असेल, तुम्हीच विचार करा! राजकोटला स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी. तीही त्यांनी सोडली आणि 1923 मध्ये मुलीला घेऊन भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाई आधी वकील होते. माँटेसोरीबाईंचे विचार वाचून त्यांनी मुलांसाठी काम सुरू केलेलं. तिथं मारणं नाही, धाक नाही, बक्षिसाचं आमिषसुद्धा नाही. मुलं पाणी ओतायची, झाडायची, गोष्टी ऐकायची, गायची. वरवर खेळच, पण त्यातूनच हात स्थिर होतो, नजर बसते आणि मग अक्षर येतं. हे वाचताना मला माझ्या लेकाची चिमुकली बोटं आठवली. ज्याला अजून शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, त्याच्याकडून मी 'क्ष' गिरवून घेत होते.

1926 साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या, चार पैसे असलेल्या घरांतल्या मुलांचीच सोय होतेय, ही बोच त्यांना होती. म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर, 1945 साली, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. मदतीला अनुताई वाघ आल्या.

आता खरी परीक्षा. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग बायका शाळाच उचलून वस्तीत घेऊन गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी नि गोष्टी. हीच अंगणवाडी. माँटेसोरीची महागडी साधनं कुठून आणणार? शंखशिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. मोजायला, रंग-आकार ओळखायला तेवढं पुरलं.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. तिथं मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली. मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायच्या, तर शाळेला पाळणाघर जोडलं. मूल का येत नाही म्हणून त्याला बोल लावायचा नाही, आपणच वाट शोधायची, ही बाईंची रीत. 1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्या गेल्या आणि दोनच वर्षांनी सरकारी बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

मी त्या आठवड्यात पाटी माळ्यावर टाकली. (सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही, महिनाभर ऐकावं लागलं.) लेकाला मटार सोलायला बसवलं. वाटाणे वाटीत कमी, पोटात जास्त! कणकेचा गोळा दिला, तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला दिलं. सांडलं की फडकंही त्याच्याच हातात. रात्री झोपताना एक गोष्ट, आणि शाळेत काय शिकवलं असं विचारण्याऐवजी आज कुणाशी खेळलास, एवढंच विचारायचं. पोटदुखी कधी थांबली ते कळलंही नाही. आकडे त्याला आले, थोडे उशिरा, पायऱ्या मोजताना.

आमच्या वस्तीतल्या बालवाडीत अजूनही दर जूनमध्ये एखादी आई कंबरेवर हात ठेवून विचारते, पोराला लिहायला कधी शिकवणार? मी तिला आत बोलावते, सतरंजीवर बसवते आणि चिंचोक्यांची पिशवी तिच्यापुढे ठेवते. पोरगं धावत येतं आणि आईलाच मोजायला शिकवतं.