फिलिप हेन्री गॉस : घरांत समुद्र आणणारा निसर्गाभ्यासक

समुद्राचें पाणी कांचेच्या हौदांत भरून त्यांत मासे, प्रवाळ व समुद्रपुष्पें जिवंत ठेवण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. तांबड्या समुद्रांतील व हिंदी महासागरांतील प्रवाळखडकांवर थव्यांनीं विहरणारा अँथिअस नांवाचा नारिंगी मासा आतां कित्येकांच्या दिवाणखान्यांतही पोहतांना दिसतो. ह्या छंदाचा पाया ज्यांनीं घातला, त्यांत फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गाभ्यासकाचें नांव अग्रभागीं आहे. त्याच्या चरित्रांत उद्योगाचें यश आहे, तसेंच त्या यशाच्या पोटीं आलेलें दुःखही आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं तें अवश्य जाणावें.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजीं वूस्टर येथें झाला. बाप गांवोगांव फिरून लोकांचीं लहान लहान चित्रें काढी, व त्यावर कसाबसा संसार चाले. फिलिपचें बालपण दक्षिण किनाऱ्यावरील पूल ह्या बंदरांत गेलें. तेथें त्याच्या आत्याबाईंनीं त्यास समुद्रपुष्पांची ओळख करून दिली. हा प्राणी खडकास चिकटून फुलासारखा उमलतो व भक्ष्य जवळ येतांच त्यास आपल्या तंतूंनीं धरतो. ह्या नवलाचें बीज मुलाच्या मनांत खोल रुजलें.

घरच्या गरिबीमुळें सतराव्या वर्षीं, म्हणजे १८२७ मध्यें, तो न्यूफाउंडलंड बेटांतील कार्बोनिअर गांवीं एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. दिवसा हिशेबाच्या वह्या व फावल्या वेळीं किडे-फुलपाखरें, असा त्याचा क्रम असे. १८३२ मध्यें सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक ग्रंथ त्याच्या हातीं पडला, व त्या दिवसापासून निसर्गाभ्यास हेंच त्याचें खरें काम झालें. त्याच वर्षीं त्याच्या धर्मश्रद्धेसही जागृति आली. पुढें कॅनडांत त्यानें शेती केली, ती बुडाली. १८३८ मध्यें अमेरिकेंतील अलाबामा प्रांतीं त्यानें मळेवाल्यांच्या मुलांस शिकविलें. परंतु गुलामांचे हाल त्यास पाहवेनात. १८३९ मध्यें तो रिकाम्या हातांनीं इंग्लंडास परतला. तथापि त्याच्या पेटींत कॅनडाच्या निसर्गाविषयींचें हस्तलिखित होतें. तें १८४० मध्यें छापलें गेलें. १८४४ पासून सुमारें दीड वर्ष त्यानें जमेका बेटांत पक्ष्यांचा अभ्यास केला. सॅम्युएल कँबेल नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण त्यास तेथें साह्यकर्ता लाभला, व गॉसनें आपल्या ग्रंथांत त्याचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें.

१८४८ मध्यें त्यानें एमिली बोज ह्या विदुषीशीं विवाह केला. अतिश्रमानें प्रकृति ढासळल्यामुळें १८५२ मध्यें हें कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेलें. ओहोटीच्या वेळीं छिन्नी-हातोडा घेऊन गॉस खडकांत उतरे, समुद्रपुष्पें अलगद सोडवी व बरण्यांत ठेवी. परंतु तीं जगवावयाचीं कशीं? साधारणतः दोनचार दिवसांत पाणी नासे व प्राणी मरत. त्यापूर्वी, १८४६ मध्यें, ॲना थिन ह्या बाईंनीं टॉर्की येथील प्रवाळ लंडनास नेऊन तें जगविलें होतें. त्यासाठीं दासीकडून तें पाणी रोज उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतविलें जाई. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनज्ञानें गोड्या पाण्यांत मासे, गोगलगाई व वनस्पति ह्यांचा मेळ घालून दाखविला होता. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात व प्राण्यांनीं सोडलेला कर्बाम्लवायु घेतात, हें त्यांतील मर्म होय. गॉसनें हाच मेळ समुद्रशेवाळाच्या साह्यानें खाऱ्या पाण्यांत साधला.

१८५३ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. त्यास गॉसनें अनेक प्राणी पुरविले. पुढल्याच वर्षीं त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि ‘अक्वेरिअम’ हा शब्द रूढ झाला. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ गुरांस पाणी पाजण्याची जागा असा होता! समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं गॉसनें साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियमचा क्षार व पोटॅशियमचा क्षार गोड्या पाण्यांत विरघळवून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज बाजारांत मिळणाऱ्या क्षारमिश्रणांमागें हीच कल्पना आहे.

येथवर सर्व यशच होतें. परंतु ग्रंथ लोकप्रिय झाला, आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोहोंचल्या होत्या, आणि हजारों हौशी लोक बादल्या व हातोडे घेऊन खडकांवर तुटून पडले. प्राण्यांची निगा ठेवण्याचें ज्ञान थोड्यांसच होतें. जीं कुंडें युगानुयुगें भरलेलीं होतीं, तीं कांहीं वर्षांतच ओस पडलीं. आपल्या लेखणीनें लोकांस समुद्राचें प्रेम लावावें, आणि त्याच प्रेमानें समुद्रकिनारा उजाड व्हावा, हें गॉसला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें लागलें. त्याचें त्यास फार दुःख झालें.

१८५७ हें वर्षही त्यास कठीण गेलें. एमिली कर्करोगानें निवर्तली. बायबल व भूगर्भशास्त्र ह्यांचा मेळ घालण्यासाठीं त्यानें त्याच वर्षीं लिहिलेला ग्रंथ शास्त्रज्ञांसही रुचला नाहीं व धर्मनिष्ठांसही रुचला नाहीं. तरीही त्यानें काम सोडलें नाहीं. डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथें वस्ती करून त्यानें १८५८ ते १८६० ह्या काळांत ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील चित्रें त्यानें स्वतःच रेखाटलीं. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं त्यानें देह ठेवला. त्याचा पुत्र एडमंड पुढें नामांकित टीकाकार झाला. त्यानें १९०७ मध्यें बापलेकांची कथा लिहून त्या उजाड किनाऱ्याचीही हकीकत सांगितली. तरुण सरोजिनी नायडूंना भारताविषयींच कविता लिहाव्या असा सल्ला देणारा गृहस्थ तो हाच.

गॉसनंतर ह्या विद्येंत पुष्कळ भर पडली. केवळ वनस्पतींनीं भागत नाहीं. प्राण्यांच्या उत्सर्गांतून होणारा विषारी अमोनिया सौम्य करणारे सूक्ष्मजंतुही हौदांत वाढावे लागतात, हें पुढें कळलें. अँथिअसचेंच उदाहरण घ्या. हा मासा समुद्रांत दिवसभर वाहत्या पाण्यांतील बारीक जीव टिपीत असतो. म्हणून हौदांत त्यास दिवसांतून अनेक वेळां थोडें थोडें अन्न घालावें लागतें. एकदांच भरपूर घातल्यास तो रोडावतो व पाणीही नासतें. त्याच्या थव्यांतील नर नाहींसा झाला, तर एक मादीच नर बनते! ज्यास हें ठाऊक नाहीं, तो केवळ रंगास भुलून मासा आणतो व थोड्या दिवसांत गमावतो. असे बहुतेक मासे अद्याप समुद्रांतूनच धरून आणले जातात, हें ध्यानीं ठेवलें म्हणजे गॉसचें दुःख जुनें झालें नाहीं असें दिसेल.

आपल्या कोंकणपट्टीवरही, मालवणच्या खडकांत, प्रवाळ व समुद्रपुष्पें आहेत. विद्यार्थिमित्रहो, सुटींत तेथें जाल तेव्हां ओहोटीच्या कुंडांत अवश्य डोकावा. उचललेला दगड होता तसाच ठेवा, आणि त्याखालचा जीव त्याच्या जागीं राहूं द्या.