क्ष-किरणांचे जनक : राँटजेन

शरीर न चिरतां आंतील भाग डोळ्यांनीं पाहतां यावा, ही गोष्ट एके काळीं अशक्य होती. ती शक्य करणाऱ्या थोर पुरुषाचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करितों.

विल्हेल्म राँटजेन यांचा जन्म जर्मनींतील लेनेप गांवीं ता. २७ मार्च १८४५ रोजीं झाला. बाळपण हॉलंडांत गेलें. उट्रेक्ट येथें शिकत असतां एका सोबत्यानें शिक्षकाचें व्यंगचित्र काढलें. राँटजेन यांनीं त्याचें नांव सांगण्याचें नाकारलें, म्हणून शाळेंतून त्यांचीच हकालपट्टी झाली. हातीं प्रमाणपत्र नाहीं; पुढील मार्ग खुंटला. तथापि धीर न सोडतां झूरिकच्या तंत्रविद्यालयांत त्यांनीं प्रवेश मिळविला आणि १८६९ सालीं ते डॉक्टर झाले.

ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्झबर्ग येथें, काळ्या कागदानें झांकलेल्या नळींतून ते विजेचा प्रवाह सोडीत असतां, जवळचा एक पडदा चमकूं लागला. त्या अज्ञात किरणांस त्यांनीं क्ष-किरण असें नांव दिलें. त्याच डिसेंबरांत पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें; त्यांत हाडें व आंगठी स्पष्ट उमटलीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. ती रक्कम त्यांनीं विश्वविद्यालयास दिली आणि शोधाचें पेटंटही घेतलें नाहीं. ता. १० फेब्रुवारी १९२३ रोजीं आंतड्याच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

आज याच रोगावर त्यांचे किरण दुहेरी काम करितात. पुरुषांच्या मूत्राशयाखालीं प्रोस्टेट नांवाची ग्रंथि असते. तिच्या पाठीमागें गुदाशय असतो. हे दोन्ही कमीअधिक भरले, कीं ग्रंथि किंचित् सरकते. म्हणून तिच्या कर्करोगावर किरणोपचार करितांना दर वेळीं आधीं क्ष-किरणांनीं चित्र घेतात. कित्येकदां खुणेसाठीं ग्रंथींत सोन्याचे बारीक तुकडे बसवितात. मग नेम जुळवून प्रबळ क्ष-किरण सोडतात. त्यामुळें शेजारच्या निरोगी इंद्रियांस इजा कमी पोहोंचते.

विद्यार्थ्यांनो, स्वतः नुकसान सोसून सोबत्यास वांचविणारा मुलगाच पुढें आपला शोध जगास फुकट देता झाला. पालकांनींही प्रगतिपुस्तकावर सही करितांना हें ध्यानांत आणावें, कीं मुलाची खरी योग्यता त्यांतील आंकड्यांत नेहमींच उतरते असें नाहीं.