सोलापूरचा पोरगा चीनच्या डोंगरात गेला, तो परत आलाच नाही : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

९ डिसेंबर. आजच्या तारखेला १९४२ साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस गेले. वय अवघं ३२. गाव सोलापूर, म्हणजे मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्यानं निघालं की पुढचा जिल्हा. पण गेले ते हजारो मैल लांब, चीनच्या हेबेई प्रांतातल्या एका डोंगरी खेड्यात. आपल्याकडं जुन्या माणसांना त्यांचं नाव ठाऊक आहे ते व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळं. नव्या पोरांना विचारलं तर बरेचजण गप्प बसतात, म्हणून हे लिहितोय.

सातारा-सांगलीला लढाईतला माणूस नवा नाही. आमच्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं दिली. पण लढाईत बंदूक न घेता जाणारेही असतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा, दोन्ही. अग्निशमन दलाची माणसं पाण्याचे पाइप घेऊन जहाजावर चढली आणि स्फोटात ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. कोटणीस त्याच जातकुळीतले. फरक इतकाच, की त्यांच्या हातात पाइपाच्या जागी शस्त्रक्रियेची सुरी होती, आणि त्यांना तिथं कुणी नोकरी म्हणून पाठवलं नव्हतं. ते स्वतःहून गेले.

जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. द्वारकानाथ मुंबईला जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घ्यायचं मनात होतं. घरी भावंडं बरीच. अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला की सगळ्यांची नजर त्याच्याकडं लागते, हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको.

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंकडं डॉक्टर मागितले. १९३८ ला सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं, २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिकाही झाली. देश स्वतः पारतंत्र्यात, आणि मदत दुसऱ्या देशाला! पाच डॉक्टर निवडले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. अटल पथकाचे प्रमुख. १ सप्टेंबर १९३८ ला राजपुताना जहाजातून ते मुंबईहून निघाले.

पुढं हाँगकाँग, कँटन, वुहान, चुंगकिंग असं करत करत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. तिथं माओंच्या लोकांचं ठाणं होतं. वाटेत विमानांचे बॉम्ब आणि जखमींच्या रांगा. चीनमध्ये असतानाच घरून बातमी आली, वडील गेले. परत फिरायचा तो एक प्रसंग होता आणि फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते फिरले नाहीत. मला हा भाग सगळ्यात अवघड वाटतो. बाप गेल्यावर घरी असायला हवं, असंच आपण शिकलोय. घरच्यांनी तो निर्णय कसा सोसला असेल, ते त्यांनाच माहीत.

चिनी लोकांनी त्यांचं नाव के दीह्वा ठेवलं होतं. पाचही डॉक्टरांच्या नावात 'ह्वा' घातलं होतं, ह्वा म्हणजे चीन. ते चिनी भाषा बोलायला, लिहायला शिकले. तिघे सहकारी एकेक करून भारतात परतले, बसू आणि कोटणीस राहिले. कोटणीस पुढं आघाडीवर गेले, वुताई डोंगराच्या मुलखात. गावातल्या घरात दवाखाना, शत्रू आला की सगळं गुंडाळून दुसऱ्या गावी. एका मोठ्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या.

त्याच भागात कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष अंगभर पसरलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावानं इस्पितळ झालं आणि १९४१ च्या जानेवारीत त्याचे प्रमुख म्हणून कोटणीस नेमले गेले. तिथं त्यांनी जखमींवर उपचार केले, शिवाय नवी पोरं शिकवली. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमातच त्यांची ओळख गुओ चिंगलान यांच्याशी झाली होती. त्या परिचारिकांना शिकवायच्या. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

तेव्हा इकडं काय चाललं होतं बघा. पोराच्या जन्मानंतर पंधरा-सतरा दिवसांत, ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबारात परशुराम घार्गे आणि इतर हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार. घरच्या बातम्या त्यांच्यापर्यंत किती पोचत होत्या, कोण जाणे.

आजाराविषयी थोडं नीट सांगतो. कोटणीसांना फिट यायच्या. डोंगरात वेढा पडलेला, औषधं तुटपुंजी, खाणं भरडधान्याचं, झोप नाही. दम घ्यायचं सोडून ते काम करत राहिले, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहीत राहिले. डिसेंबरात फिटवर फिट आल्या आणि ९ तारखेला पहाटे संपलं. पोरगं साडेतीन महिन्यांचं. आपल्याकडं अजून फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, बाहेरची बाधा म्हणतात, आणि पोरीला असेल तर लग्न होईपर्यंत लपवतात. इतक्या शिकलेल्या, धाडसी डॉक्टरला हाच आजार होता, यात लपवण्यासारखं काय आहे? आज गोळ्या आहेत, डॉक्टर सांगतील तशा रोज घेतल्या तर बहुतेकांच्या फिटा थांबतात. त्यांच्या नशिबी ते नव्हतं.

आधी त्यांना नानच्वान गावी पुरलं होतं, नंतर समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आली. १९४६ ला शांतारामांनी सिनेमा काढला, स्वतःच कोटणीस झाले. चीननं १९८२ ला आणि भारतानं १९९३ ला त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. चिनी मोठे पुढारी भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटत राहिले.

यिनह्वाही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ साली, शिकत असतानाच तो गेला. आई गुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. त्या बाजूला गेलात तर स्टँडवरून रिक्षानं जाता येतं.