डॉक्टर हॉवर्ड सोमरव्हेल

आपल्या वरवट बकालहून उत्तरेस गेले म्हणजे सातपुड्याची रांग लागते. सुट्टी जवळ आली की त्या डोंगरांत अथवा नरनाळ्याच्या किल्ल्यावर जाण्याची परवानगी मागणारे विद्यार्थी आणि ती देताना कचरणारे पालक, हे दोन्ही माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. दोघांचेही म्हणणे मला खोटे वाटत नाही. म्हणून, ज्यांनी जगातील सर्वांत उंच पर्वतावर दोनदा आपला जीव पणास लावला आणि उरलेले आयुष्य आपल्या देशातील रोग्यांच्या सेवेत घालविले, अशा एका गृहस्थांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

थिओडोर हॉवर्ड सोमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडातील केंडल या गावी झाला. घरचा जोड्यांचा मोठा कारखाना होता; परंतु मुलाचे मन लहानपणापासून आसपासच्या डोंगरांत रमले. केंब्रिज येथे व पुढे लंडनमध्ये शिकून ते शस्त्रवैद्य झाले. १९१६ साली सोमच्या लढाईत जखमी शिपायांच्या रांगा मैदानात पडलेल्या असत आणि कोणास आधी टेबलावर घ्यावयाचे हे वैद्यांस ठरवावे लागे. मनुष्याचा जीव किती सहज जातो हे त्यांनी तेथे पाहिले, आणि युद्धाविषयी त्यांस कायमचा तिटकारा आला.

१९२२ साली जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर गेलेल्या मंडळींत ते होते. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन व सोमरव्हेल हे कृत्रिम प्राणवायूवाचून सुमारे २७,००० फुटांपर्यंत चढले. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी गेले नव्हते. उतरताना मोर्सहेड हेही त्यांच्याबरोबर होते व चौघे एकाच दोरास बांधलेले होते. एकाचा पाय सुटला व त्यासरशी तिघे घसरू लागले. मॅलरी यांनी क्षणार्धात आपली बर्फकुऱ्हाड रोवून दोर तिच्याभोवती घेतला म्हणूनच सारे वाचले.

त्यानंतर जे घडले ते सांगताना लेखणी जड होते. जूनच्या आरंभी पुष्कळ बर्फ पडले. मग आकाश निवळले, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणखी एक प्रयत्न करावा असे ठरले. ७ जून रोजी मॅलरी, सोमरव्हेल, क्रॉफर्ड व चौदा हमाल उत्तर खिंडीकडे निघाले. नवे बर्फ घसरते की काय, हे त्यांनी एका उतारावर मुद्दाम तुडवून पाहिले. ते घसरले नाही. तेव्हा पुढील उतारही भरवशाचा आहे असे त्यांनी धरले. चूक झाली ती येथे, असे मला वाटते. एका जागेची परीक्षा साऱ्या डोंगरास लागू पडत नाही. दुपारी वरचे बर्फ एकाएकी निसटले आणि नऊ हमाल एका हिमकड्यावरून खाली फेकले गेले. दोघांस जिवंत उकरून काढता आले, सात गेले. गोऱ्या मंडळींपैकी एकासही इजा झाली नाही.

हीच गोष्ट सोमरव्हेल यांच्या जिव्हारी लागली. शिखराची हौस साहेबांची, आणि प्राण गेले ते मजुरीसाठी आलेल्यांचे! त्या सातांबरोबर आपल्यापैकीही कोणी मेला असता तर बरे झाले असते, असे त्यांस वाटत राहिले.

मोहीम आटोपल्यावर ते हिंदुस्थान पाहत फिरले व त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथील लंडन मिशनच्या दवाखान्यात पोहोचले. तेथे रोग्यांची अपार गर्दी आणि तिच्या मानाने वैद्य अगदी थोडे. लंडनमधील मानाच्या जागेचा मोह सोडून त्यांनी नेय्यूरला राहण्याचे ठरविले. हिमालयातील ते सात मृत्यू आणि हा निश्चय ही मला तरी एकमेकांपासून निराळी करता येत नाहीत.

१९२४ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. वादळामुळे चार हमाल उत्तर खिंडीवर अडकले. २४ मे रोजी नॉर्टन, मॅलरी व सोमरव्हेल त्यांस आणावयास निघाले. तिघेही खोकल्याने बेजार झालेले होते, आणि येथे शक्ती खर्च केली तर शिखर हातचे जाईल हेही ते जाणून होते. धोक्याच्या उतारावर दोर बांधून सोमरव्हेल पुढे गेले. दोघे मागे दोर धरून उभे राहिले. दोर काही हात कमी पडला. दोन हमाल कसेबसे त्यांच्यापर्यंत आले. उरलेले दोघे घसरले आणि काही अंतरावर थांबले. तेव्हा सोमरव्हेल यांनी आपल्या कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड बर्फात रोवून तो तिच्याभोवती घेतला, आणि त्याचे टोक एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्या दोघांस एकामागून एक ओढून घेतले. चौघेही सुखरूप खाली आले.

४ जून रोजी ते व नॉर्टन शिखराकडे निघाले. सुमारे २८,००० फुटांवर सोमरव्हेल यांचा श्वास चालेना. आपण अडथळा होऊ हे ओळखून ते बसले व सोबत्यास पुढे जाण्यास सांगितले. नॉर्टन २८,१२६ फुटांवर पोहोचले. शिखर केवळ नऊशे फूट उरले होते. परंतु दृष्टी दुबार झालेली, पायाखालचे खडक निसरडे आणि दिवस कलू लागलेला. ते परत फिरले. कृत्रिम प्राणवायूवाचून त्यापेक्षा उंच १९७८ पर्यंत कोणी गेल्याची नोंद नाही. उतरताना सोमरव्हेल यांच्या घशात काहीतरी अडकून श्वास अजिबात बंद झाला. पुढे चाललेल्या नॉर्टन यांस वाटले, हे चित्र काढीत मागे राहिले असतील! (चित्रकलेचा त्यांस नाद होताच.) शेवटी दोन्ही हातांनी छाती दाबताच अडथळा सुटला. थंडीने करपलेले घशाचे आतील अस्तरच ते!

चार दिवसांनी मॅलरी व अर्विन शिखराकडे गेले ते परतले नाहीत. मॅलरी यांचा देह १९९९ साली सापडला. सोमरव्हेल यांनी त्यांस दिलेला कॅमेरा मात्र त्याजवळ नव्हता. परतण्यापूर्वी पायथ्याच्या तळावर दगडांची एक रास रचण्यात आली. तीन मोहिमांत मेलेल्या बारा जणांची नावे तीवर कोरली गेली. त्यांत त्या सात हमालांचीही होती.

पुढे सोमरव्हेल यांनी नेय्यूर येथे सुमारे वीस वर्षे व नंतर वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६१ पर्यंत सेवा केली. पोटातील व्रणांवरील त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती दूरवर पसरली. सेवानिवृत्तीनंतर ते आपल्या बालपणीच्या डोंगरांजवळ अँबलसाइड येथे राहावयास गेले आणि २३ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तेथेच वारले.