रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात. लोकमान्य झाले, नामदार गोखले झाले, मुरुडचे महर्षी कर्वे तर दोनदा झाले. त्याच दापोली तालुक्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेल्या एका पुरुषाचे नाव मात्र आजवर आले नाही. कारण उघड आहे. तो पुरुष ख्रिस्ती झाला.

ही चूक माझ्या हातूनही घडलेली आहे. वर्गात टिळकांची कविता शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले की, टिळक हे रेव्हरंड कसे? मी घाईघाईने पुढील कडव्याकडे वळलो. त्या मुलाला जे उत्तर द्यावयाचे राहिले, ते आज ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

नारायणरावांचे बालपण सुखाचे नव्हते. आई लवकर गेली आणि वडिलांशी त्यांचे जमले नाही. घर सोडून ते नाशिकास आले व तेथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका ही त्यांची पत्नी; तीच पुढे लक्ष्मीबाई. स्वभाव फिरस्ता, हात उधळा आणि कोप अनावर. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. संसाराचे हाल लक्ष्मीबाईंनी सोसले. थोर पुरुषाच्या चरित्रात हेही यावयास हवे, असे मला वाटते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. पुढे दोन वर्षे वाचन, विचार आणि मनाची ओढाताण चालली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज समजणे कठीण आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याबद्दल केवढे ग्रामण्य माजले होते! येथे तर माणूस धर्मच सोडून गेला. सगेसोयरे तुटले. पत्नी व लहानगा दत्तू माहेरच्या माणसांच्या आश्रयास राहिले.

१८६६ च्या कायद्याने अशा प्रसंगी ख्रिस्ती झालेल्या पुरुषाला न्यायालयामार्फत पहिले लग्न मोडून दुसरे करण्याची मुभा होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आल्या, त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांचा स्वयंपाक वेगळा चाले. धर्मोपदेशकाची बायको धर्माबाहेरची, हे मिशनच्या मंडळींत किती शोभले असेल? तरी त्यांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार आपल्या मनाशीच केला, आपल्याच बुद्धीने तो टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

बालकवींचीही हीच गोष्ट. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलास बालकवी ही पदवी दिली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले, रुसवे काढले. ठोंबरे त्या ख्रिस्ती घरात पोटच्या मुलासारखे वावरले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले.

यावरून टिळकांची श्रद्धा पातळ होती, असे कोणी समजू नये. १९०४ साली त्यांना रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली होती. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. ख्रिस्तावरील निष्ठा त्यांनी कोणापुढेही लपविली नाही. परंतु ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, हे त्यांना मान्य नव्हते. देवळात परकीय चालीची गाणी चालत, तेथे त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. जो ख्रिस्ती झाला तो इंग्रजांचा झाला, अशी लोकांची समजूत असता त्यांनी स्वदेशप्रीतीची कविता लिहिली. त्यामुळे इकडचे लोक त्यांना बाटगा म्हणत आणि तिकडच्या काहींना ते फार हिंदू वाटत. दोन्ही बाजूंचा राग त्यांनी पत्करला.

१९१७ साली मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे समान जागा होती. हे फार दिवस चालावयाचे नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

ओवीबद्ध ख्रिस्तायन अपुरे राहिले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि आपल्या संसाराची हकीकत स्मृतिचित्रे या ग्रंथात लिहून ठेवली.

आपण खांदेश्वरास ज्या इमारतींत राहतो, तेथे एकाच जिन्यावर तीन धर्मांची दारे असतात. माझ्या समोरचे कुटुंब ख्रिस्ती आहे. स्मृतिचित्रेची माझी प्रत गेले दोन महिने त्यांच्याकडे आहे. ती परत आली की मंडळाच्या वाचनालयास देणार आहे.