नळीतल्या जिवांचा नामकर्ता : पिएर फोव्हेल

कुवेतच्या सुलैबिखात उपसागरात ओहोटी लागली की पाणी दूरवर मागे सरते आणि करड्या चिखलाचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. हिवाळ्यात त्यावर फ्लेमिंगो उतरतात. मुंबईत शिवडीचा किंवा ठाण्याच्या खाडीचा किनारा पाहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. पक्षी ज्यासाठी येतात त्या अन्नाचा मोठा वाटा मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो चिखलात आणि वाळूत दडलेला असतो. त्यात पॉलिकीट वर्गातील कृमींची संख्या फार मोठी असते. गांडुळाच्या या सागरी भाऊबंदांच्या अंगावर वलयावलयाला ताठ रोमांचे झुबके असतात आणि त्यांतील कित्येक जण स्वतःच बांधलेल्या नळीत जन्म काढतात.

आखातापासून बंगालच्या उपसागरापर्यंतच्या या जिवांची नावे लावण्याचे काम ज्या माणसाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले, तो समुद्रकाठी राहत नव्हता. १८६६ साली जन्मलेले पिएर फोव्हेल हे फ्रान्समधील आँजे या शहरातील कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक होते. आँजेपासून अटलांटिक शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. जगभरातील समुद्रांतले नमुने अल्कोहोलच्या बाटल्यांमध्ये बंद होऊन त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आले.

नळीतल्या कृमींशी त्यांचे नाते तरुणपणीच जडले. १८९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध ॲम्फारेटिड या कुलावर होता. मऊ गाळात नळी करून राहणारे हे प्राणी अन्नकण वेचण्यासाठी तोंडाभोवतीचे नाजूक तंतू बाहेर पसरतात आणि धोका जाणवताच ते तोंडात ओढून घेतात. त्यांच्याच नात्यातल्या टेरेबेलिड कृमींना हे जमत नाही. त्यांचे तंतू आखडले तरी बाहेरच राहतात. कुलाची ओळख अशा तपशिलावर ठरते. शरीररचना, ऊती आणि शरीरक्रिया या तिन्ही अंगांनी फोव्हेल यांनी हा अभ्यास केला होता. केवळ बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा संग्राहक म्हणून त्यांच्याकडे पाहणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

आखाताशी त्यांचा संबंध आला तो एका रशियनामुळे. बोगोयावलेन्स्की या प्राणिशास्त्रज्ञाने पर्शियन आखातात गोळा केलेल्या पॉलिकीट कृमींवरचा फोव्हेल यांचा निबंध १९११ साली प्रसिद्ध झाला. १९१९ साली मादागास्कर, जिबूती आणि पुन्हा पर्शियन आखात यांच्या कृमींवर त्यांनी दुसरा मोठा निबंध लिहिला. त्या काळी कुवेत हे मोती काढणाऱ्यांचे आणि गलबते बांधणाऱ्यांचे गाव होते, आणि तेल सापडायला अजून अवकाश होता. दरम्यान १९१४ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या सागरी सफरींतून जमलेल्या पॉलिकीट कृमींवरचा त्यांचा ग्रंथ आला होता.

त्यानंतरची त्यांची दोन पुस्तके आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात. फ्रान्सच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत १९२३ साली त्यांनी भटक्या पॉलिकीटांचा खंड लिहिला आणि १९२७ साली बैठ्या पॉलिकीटांचा. भटके म्हणजे सरपटणारे, पोहणारे, बहुधा शिकारी. बैठे म्हणजे बीळ किंवा नळी करून एका जागी राहणारे. ही विभागणी फोव्हेल यांची नव्हे, ती एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांकडून आलेली होती. पण ओळख पटवण्याच्या सुटसुटीत कोष्टकांसह आणि रेखाचित्रांसह त्यांनी ती अशी मांडली की पुढच्या काही पिढ्यांनी तीच प्रमाण मानली.

भारताचे दालन त्यांच्यापुढे उघडले ते वस्तुसंग्रहालयांमुळे. १९३० साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील कृमींवर आणि १९३२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहावर त्यांनी लिहिले. कलकत्त्याचा संग्रह वर्षानुवर्षे साचलेला होता. त्यात सागरी सर्वेक्षणासाठी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाने समुद्रतळातून उपसून आणलेले नमुनेही होते. अडीचशेहून अधिक पानांच्या त्या इंग्रजी निबंधाने भारतीय किनाऱ्याच्या पॉलिकीटांना प्रथमच एकत्र यादी दिली.

वयाच्या सत्त्याऐंशीच्या सुमारास, १९५३ साली, अलाहाबादेत छापलेला त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश आणि मलायासह भारताच्या पॉलिकीटांवरील हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ आहे. फाळणी होऊन गेली होती आणि ग्रंथाच्या नावाला देशांची ही लांब मालिका लावणे भाग पडले होते. भारतातील विद्यार्थ्याने ओहोटीच्या रेषेवर एखादी नळी उचलली, तर आतल्या प्राण्याचे नाव तो याच ग्रंथात शोधू लागला.

अडचण नेमकी इथे होती. आपल्याकडच्या कित्येक प्राण्यांची त्या ग्रंथातली नावे युरोपातली होती.

फोव्हेल यांच्या पिढीचा असा विश्वास होता की समुद्रातले पॉलिकीट जगभर पसरलेले असतात आणि एकच जाती नॉर्वेपासून मलबारपर्यंत आढळू शकते. अल्कोहोलमध्ये राहिल्याने नमुन्यांचे रंग उडालेले, शरीरे आक्रसलेली आणि नळ्या बहुधा तुटलेल्या असत. अशा प्राण्यात आणि युरोपातील परिचित जातीत लहानसा फरक दिसला, तर तो एकाच जातीतला सहज फरक समजला जाई. ही चूक एकट्या फोव्हेल यांची म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि तिला अधिकृत रूप त्यांच्या ग्रंथांनी दिले.

हायड्रॉइडिस या प्रजातीचे उदाहरण बोलके आहे. हे प्राणी चुन्याची पांढरी, कठीण, वळणावळणाची नळी करतात. डोक्यावरच्या पिसांसारख्या मुकुटाने ते श्वास घेतात, पाण्यातले कण गाळतात आणि आत शिरताना बुचासारख्या झाकणाने दार लावून घेतात. जहाजांचे तळ, धक्क्यांचे खांब आणि समुद्राचे पाणी खेचणारे नळ ही त्यांची आवडती घरे आहेत. उबदार पाण्यात काही आठवड्यांत नवी पिढी तयार होते. पिण्याच्या पाण्यासाठी समुद्रावर विसंबून असलेल्या कुवेतसारख्या देशात अशा कृमींची ओळख हा केवळ विद्वानांचा विषय राहत नाही. फोव्हेल यांच्या ग्रंथात भारतीय किनाऱ्यावरचा हा प्राणी ‘नॉर्वेजिका’, म्हणजे नॉर्वेचा, म्हणून नोंदला गेला. १९७१ साली मार्सेयमध्ये काम करणाऱ्या हेल्मुट झिब्रोवियस यांनी या घोळाची उकल केली. खरा नॉर्वेजिका थंड पाण्यात राहतो. उबदार बंदरांत माजणारा प्राणी तो नव्हेच. तो ‘एलिगन्स’, ज्याचे वर्णन १८८३ सालीच सिडनीच्या बंदरातून झाले होते. जहाजांच्या तळांना चिकटून जगभर फिरलेला प्रवासी परक्याच नावाने वावरत होता.

ओवेनियाची गोष्ट याच्या उलट आहे. वाळूचे कण आणि शिंपल्यांचे चपटे तुकडे कौलांसारखे एकावर एक रचून तो लवचीक नळी बनवतो. भूमध्य समुद्रातून वर्णिलेली ‘फ्युसिफॉर्मिस’ ही जाती फोव्हेल यांच्या भारतीय ग्रंथातही आहे, आणि ती सर्वत्र सापडते असे दीर्घकाळ समजले जाई. २००६ साली आखातातील ओवेनियांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्यांतून एक निराळी जाती निघाली. तिला ‘पर्सिका’ हे नाव मिळाले.

१९९१ च्या युद्धात कुवेतचे तेल समुद्रात ओतले गेले. त्यानंतर आखाताच्या तळाचे काय झाले हे मोजायचे, तर आधी तिथे नेमके कोण राहत होते हे ठाऊक असावे लागते. स्थानिक जाती सर्वत्र आढळणाऱ्या युरोपीय जातीच्या नावाखाली नोंदलेली असेल, तर ती नष्ट झाली तरी यादीत तिची जागा रिकामी दिसत नाही.

फोव्हेल १९५८ साली, नव्वदी ओलांडल्यावर, निवर्तले. पॉलिकीटांमधील फोव्हेलिऑप्सिस या प्रजातीला त्यांच्या हयातीतच, १९२२ साली, त्यांचे नाव मिळाले होते. पुढे त्यावरून एक कुलही उभे राहिले. भटके आणि बैठे ही विभागणी विसाव्या शतकाच्या अखेरीस कालबाह्य म्हणून बाजूला पडली. २०११ साली जनुकांच्या तुलनेवर आधारलेल्या संशोधनाने ती बऱ्याच अंशी पुन्हा उभी केली, मात्र बैठ्यांच्या घरात आता गांडुळे आणि जळवाही आल्या आहेत. फोव्हेल यांनी बैठ्यांत बसवलेला ओवेनिया मात्र त्या घराबाहेर पडला. तो आणि त्याचे मोजके नातलग दोन्ही गटांपासून फार आधी फुटलेल्या शाखेवर आहेत.