नाटकात राहून गेलेला प्रवेश

मित्रमैत्रिणींनो, सातवीच्या स्नेहसंमेलनात मी सावित्रीबाई झाले होते, आठवतंय? शेण म्हणून कालवलेली माती तुम्ही जरा जास्तच मनापासून फेकली होतीत! पहिली शाळा भरली आणि पडदा पडला. बाईंनी वीसच मिनिटं दिली होती.

पुढे मी पालिकेच्या दवाखान्यात नर्स झाले आणि पडद्यामागे राहिलेल्या सावित्रीबाई मला हळूहळू कळत गेल्या.

जन्म ३ जानेवारी १८३१, सातारा जिल्ह्यातलं नायगाव. नवव्या वर्षी लग्न. जोतीरावांनी त्यांना शिकवलं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. एवढं आपण पाठ केलं होतं. पण मूल शिकायचं तर आधी जगलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय फुले दांपत्याने स्वतःच्या घरी केली. त्यांतल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत. त्याला त्यांनी दत्तक घेतलं, वाढवलं, डॉक्टर केलं. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांना जेवू घातलं.

१८९० साली जोतीराव गेले. त्या थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. यशवंतरावांनी गावाबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. आजाऱ्याला हात लावायला माणसं धजत नव्हती. मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

२०२० साली आमच्या वस्तीत एक लहान मुलगी तापाने फणफणली होती. गाडी येईपर्यंत मी दारातच उभी राहिले. ती हात पुढे करत होती, मी तिला घेतलं नाही. नियम तसाच होता, हे खरं. पण मी घाबरले होते, हेही खरं. ती बरी झाली. आता शाळेत जाते, रस्त्यात दिसली की हसते. नजर मीच चुकवते.

आपल्या बॅचने शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलंच आहे, तर माझी एक विनंती. मुलांकडून ते नाटक पुन्हा बसवून घेऊ या, राहिलेला प्रवेश घालून. या वेळी पाच मिनिटं जास्त मागू. माती कालवायला तुम्ही आहातच.